निवेदिताच्या कंपनीचे भाग

रविकांतराव माझ्या समोरच्या घरात राहतात. केडगावात, पुणे रस्त्यापासून दोन गल्ल्या आत. मी गणिताचा निवृत्त शिक्षक, ते एका खरेदी-विक्री संघातले निवृत्त कारकून. माणूस सज्जन, पण इतका की कधीकधी चीड यावी. रिक्षावाल्यालाही ‘आपण’ म्हणतात आणि तो जास्तीचे वीस रुपये घेऊन जातो.

शोभावहिनींना जाऊन तीन वर्षं झाली. एकुलती एक मुलगी निवेदिता मेलबर्नला. बापलेकीचं एकमेकांवर प्रेम होतं, पण बोलायला विषय नव्हता, कारण इतकी वर्षं मधे शोभावहिनी बोलत होत्या. मुलगी हुशार. गेल्या दिवाळीत आली तेव्हा वडिलांच्या कॉम्प्युटरवर तिने व्यापाराचा एक खेळ घालून दिला. तो तिघांशिवाय सुरू होत नाही, म्हणून मला धरून बसवलं.

मला खेळ दहा मिनिटांत समजला, रविकांतरावांना दोन रविवार लागले. सगळ्यांना सारखं भांडवल. त्यातून आपापली कंपनी काढायची. तिचे शंभर भाग, म्हणजे शेअर. चाळीस आपले, साठ बाजारात. माल बनवायचा, भाव बघून विकायचा, उरलेल्या पैशात दुसऱ्यांचे भाग घ्यायचे. भागांना गिऱ्हाईक नसेल तर कंपनीचा भाव पडतो, आणि फार पडला की ती बुडते.

दर रविवारी सकाळी नऊला आम्ही बसायचो. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे जायचो, फोन स्पीकरवर असायचा, आणि मेलबर्नला तेव्हा दुपार झालेली असायची. निवेदिताची बिस्किटांची कंपनी, माझी सिमेंटची, रविकांतरावांची गोदामं.

“बाबा, एवढी साखर कशाला साठवलीत? विका ना आता.”

“थांब गं, दिवाळीला भाव वाढेल.”

“खेळात दिवाळी नसते, बाबा.”

“तुला काय कळतंय त्यातलं? चाळीस वर्षं मी भावच बघितलेत.”

असे दोघं तासभर हमरीतुमरीवर यायचे. घर पुन्हा भरल्यासारखं वाटायचं. स्वयंपाकाला येणाऱ्या रंगुबाई मला एकदा म्हणाल्या, “रविवारी काका दोन वाटी पोहं खात्यात. एरवी ताट तसंच ऱ्हातंय.” रविकांतराव शनिवारीच दाढी करून ठेवत. तिकडे फक्त आवाज जातो हे त्यांना ठाऊक होतं, तरीही.

जूनमध्ये बिस्किटांचा भाव घसरला. निवेदिताचं ऑफिसचं काम वाढलं होतं. ती घाईघाईत चाली खेळायची, अर्ध्या तासात उठायची. रविकांतरावांना एकच धास्ती. तिची कंपनी बुडली तर ती खेळातून बाहेर, आणि मग रविवार कशाचा? मग ते तिचे भाग घेत सुटले. दर आठवड्याला पाच, सहा, आठ. बेचाळीस झाले. बारा माझ्याकडे होते.

“सर, तेवढे मला द्या,” ते म्हणाले. “पोरीला जरा आधार होईल.”

मी दीडपट भाव सांगितला. त्यांनी घासाघीस न करता कबूल केला. मला तेव्हा आनंद झाला होता, आणि त्याची आजही लाज वाटते.

पडद्यावर लाल चौकटीत इंग्रजी सूचना आली. साहेबांनी पुढे केलेल्या कागदावर न वाचता शिक्का मारायची चाळीस वर्षांची सवय. त्यांनी बटण दाबलं. बिस्किटांच्या कंपनीवर निवेदिताच्या जागी त्यांचं नाव आलं.

फोनमधून हसण्याचा आवाज आला. “बाबा, गिळलीत की माझी कंपनी.”

त्यांना काही कळेना. मी सांगितलं, ज्याचे भाग पन्नासाच्या वर, मालक तो. जुना मालक खेळाबाहेर. हा नियम मी पहिल्याच रविवारी वाचला होता आणि त्यांना ठाऊक असेलच असं धरून चाललो होतो.

“असं कसं सर?” ते म्हणाले. “भाग कितीही असले तरी मत एकच ना?”

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्या सहकारी संघात सभासदाकडे एक भाग असो की पन्नास, वार्षिक सभेत त्याचा हात एकदाच वर. भाग जास्त घेणं म्हणजे संस्थेला हातभार लावणं, एवढंच त्यांना माहीत. दुसरा कुठला बाजार असतो हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. ज्या समजुतीवर माणसाने इमानाने नोकरी केली, तिनेच त्याला फसवलं.

“निवू, परत घे गं. मला नको तुझी कंपनी.”

“तसं करता येत नाही, बाबा.”

“मग नवा डाव मांडू. पुढच्या रविवारी?”

“बघू, बाबा. खरं सांगू का, मला जरा सुटल्यासारखंच झालंय. आठवडाभर दमते हो मी. आता रविवारी दुपारी झोप तरी मिळेल.”

तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. रविकांतराव म्हणाले, “हो, हो. झोप हवीच.” मला तिचा राग आला, मग माझ्या बारा भागांचा आला.

आता ती बुधवारी न चुकता फोन करते. परवा मी तिथेच होतो. गोळ्या घेता का, घेतो. पाऊस आहे का, आहे. काळजी घ्या. तीन मिनिटांत आटोपलं. रविकांतराव फोन हातात धरून बसून राहिले.

“चांगली आहे पोर, आठवणीने फोन करते,” मी म्हणालो.

“करते ना,” ते म्हणाले. “पण सर, ती माझ्याशी आता भांडत नाही.”