पत्र न आलेल्या बायका

आमच्या साहेबांना बेंगळुरूच्या मोठ्या कॉलेजच्या पदवीचा गर्व होता. मी निपाणीची. आई विड्या वळते, घरातली पहिली पदवी माझी, आणि तीही तालुक्याच्या कॉलेजातली. साहेब त्या कॉलेजचं नाव घ्यायचे ते चपलेला काहीतरी लागल्यासारखं.

बेळगावच्या आमच्या ऑफिसात एका आरोग्य शिबिराचं काम आलं होतं. निपाणीतल्या विडी कामगार बायकांच्या छातीचे एक्स-रे काढले होते. ज्यांच्या फोटोत डाग दिसला, त्यांना बेळगावच्या दवाखान्यात बोलावणारी पत्रं पाठवायची होती. तपासणीचा तक्ता एक, कामगार म्हणून नोंद असलेल्यांच्या विडी कार्डांचा दुसरा. पत्ते कार्डांच्या तक्त्यात. साहेबांनी कार्ड नंबरावरून दोन्ही जोडले, पत्रं गेली, साहेबांनी चहा मागवला.

त्या रविवारी घरी गेले, तर शेजारची आक्का मांडीवर विड्यांचं सूप घेऊन खोकत बसलेली.

"मला पत्र न्हाय आलं गं. म्हंजे माझा फोटो चांगला हाय, व्हय?"

"शिबिराच्या फॉर्मवर कार्डाचा नंबर लिवलास का?"

"माझं कुठलं आलंय कार्ड? सासूच्या कार्डावर वळतोय की आमी तिघी."

आमच्या गल्लीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे: कार्ड एकीचं, वळणारे हात सहा. सुनांचा नंबराचा रकाना कोराच राहणार. आणि साहेबांच्या जोडणीत दोन्ही तक्त्यांत सापडेल तेवढंच नाव टिकतं. बाकीची गळतात, गळल्याचा आवाजही होत नाही.

सोमवारी म्हटलं, "सर, लेफ्ट आउटर जॉइन लावायला हवा. तपासलेल्या सगळ्या बायका राहतील. कार्ड नसेल तिथं नुसती जागा रिकामी दिसेल."

"रिकाम्या जागांना घाण डेटा म्हणतात. कार्ड नाही ती कामगार नाही. कॉलेजात शिकवलं नाही वाटतं?"

"जॉइन कॉलेजात शिकले, सर. कार्ड कुणाच्या नावावर असतंय ते घरात शिकले."

एवढा शिकलेला माणूस, आणि आपल्या यादीत नाही ते जगातच नाही म्हणतो! या हुशारीपेक्षा माझ्या आईचा अंगठा बरा.

ते जेवायला गेल्यावर मी तक्ते जोडणाऱ्या त्यांच्या क्वेरीतला एक शब्द बदलला. कार्डाची जागा रिकामी आणि फोटोत डाग, अशा एकोणीस बायका निघाल्या. आक्का चौथी. फॉर्मवर फोन नंबर होतेच, मी लावत सुटले.

"कुणाच्या परवानगीनं?" साहेब मागं येऊन उभे.

मी हातानंच थांबा म्हटलं. फोनवर आक्काची सासू होती.

"तिला कशाला बोलिवताय? कार्ड माझं हाय."

"कार्ड तुमच्याकडंच ठेवा, मावशी. उद्या पहिल्या गाडीनं तिला पाठवा. मी स्टँडवर थांबते."

आक्काचं औषध सुरू झालं त्याच आठवड्यात साहेबांनी मला लेखी ताकीद दिली. मी पोचल्याची सही केली. वाचायची गरज वाटली नाही.