श्रीमंत ठरवलेलं घर

ती घटना आठवली की आधी आठवतं भर दुपारी आतून कडी लावलेलं एक दार. पोलिसाच्या नोकरीत बंद दारं पुष्कळ पाहिली. पण त्या दारामागे गुन्हेगार नव्हता. एक मास्तरीणबाई, तिचा नवरा आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी होती, आणि ती तिघंही श्वास रोखून उभी होती.

मी तेव्हा बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा प्रभारी होतो. ठाण्याचं आणि माणसांचं नाव लिहीत नाही. संबंधित माणसं आजही तिथेच राहतात.

सुरुवात एका सराफाकडून झाली. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी पाहत होतो. सराफ आला आणि खुर्चीच्या कडेवर बसला. चोरीचा माल कुणी मोडायला आणला तर हा माणूस आम्हाला कळवत असे. मी विचारलं, "काय आलंय?"

"चोरीचं न्हाई साहेब. पण कायतरी हाय," तो म्हणाला. "शाळेतल्या एक बाई हायेत. महिन्यापूर्वी बांगड्या मोडल्या. काल कानातले आणले. भाव इचारला न्हाई, काट्याकडं बघितलं न्हाई. पावती नको म्हणल्या. माझं नाव कुठं लिवू नका, म्हणून हात जोडले. इतकी वर्षं गादीवर बसतो, भाव न इचारता सोनं मोडणारी बाई बघितली न्हाई."

बाईंना मी ओळखत नव्हतो. त्यांच्या नवऱ्याला सगळा गाव मिस्त्री म्हणायचा. मोटारसायकली दुरुस्त करता करता त्यानं सुट्या भागांचं दुकान टाकलं होतं. माणूस सरळ होता, ठाण्याच्या गाड्याही त्यानं कधीकधी नीट करून दिल्या होत्या. चौकशी केली तर कळलं, दुकानाचं शटर पंधरा दिवसांपासून अर्धंच उघडतं आणि बाई वैद्यकीय रजेवर आहेत.

एका महिला हवालदाराला बरोबर घेऊन मी साध्या कपड्यांत त्यांच्या घरी गेलो. कडी वाजवली. आत पावलं थांबल्याचं स्पष्ट ऐकू आलं.

"कोण हाय?" बाईंचा आवाज.

"पोलीस ठाण्यातून आलोय. दोन मिनिटं बोलायचंय."

आत काहीतरी जड ओढल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ काहीच नाही. शेवटी दार उघडलं ते मिस्त्रींनी. मला ओळखूनही त्यांनी नमस्कार केला नाही, बाजूला सरले आणि म्हणाले, "बघून घ्या साहेब. आमच्याकडं काय बी न्हाई." आणि मी काही मागायच्या आत त्यांनी स्वतःच कपाटाची दारं एकेक करून उघडली.

घर चांगलं बांधलेलं होतं, पण आत जणू कुणी बिऱ्हाड हलवलं होतं. भिंतीवर टीव्हीच्या जागी रंगाचा एक स्वच्छ चौकोन उरला होता. एसी काढून त्या भोकात जुनी चादर कोंबली होती. फ्रीज नव्हता. दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवलं होतं. सगळं सामान त्यांनी नातेवाइकांकडे नेऊन ठेवलं होतं. मुलगी कोपऱ्यात उभी होती. तिच्या कानात कानातल्यांच्या जागी काड्या होत्या.

मी खाली सतरंजीवर बसलो. म्हणालो, "मिस्त्री, मी झडतीला आलेलो नाही. तुम्हाला कोण त्रास देतंय ते विचारायला आलोय."

बोलल्या त्या बाई. "आमी चोर न्हाई साहेब. आमी श्रीमंत बी न्हाई. पण त्यांनी आमाला श्रीमंत ठरवलंय."

तांदळाच्या डब्यातून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक पत्र काढलं. वर राजमुद्रा, खाली शिक्का, आवक-जावक क्रमांक, सगळं व्यवस्थित. आयकर खात्याच्या नावानं लिहिलं होतं की आपल्या कुटुंबाचं एकत्रित उत्पन्न तपासलं असता आपलं कुटुंब श्रीमंत वर्गात मोडतं. खाली यादी होती: बाईंचा पगार, दुकानाची मिळकत, मिस्त्रींच्या वडिलांचं निवृत्तिवेतन, एका गाळ्याचं भाडं. ही माहिती लपवल्याबद्दल श्रीमंतांचा कर दंडासह भरावा. चौकशी गोपनीय आहे. बाहेर वाच्यता केल्यास घराची झडती, पत्नीचं निलंबन, मुलीचा प्रवेश रद्द आणि अटक.

पत्रानंतर फोन सुरू झाले होते. फोन करणारा स्वतःला साहेब म्हणवायचा. दिवसातून कधीही करायचा आणि एसी अजून भिंतीवर आहे का, असंही विचारायचा. म्हणून एसी काढला. त्याच्या सांगण्यावरून दोनदा रोख रक्कम कापडी पिशवीत घालून पोहोचती केली होती. तिसरी वेळ चार दिवसांवर, वडवणीच्या आठवडी बाजारात.

"ठाण्यात कावून आला न्हाई?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

मिस्त्रींनी मान खाली घातली. "तुमी बी सरकारच की, साहेब."

बाहेर पडल्यावर महिला हवालदार गाडीपाशी थांबली. बाईंनी तिला स्वयंपाकघरात नेऊन एक गोष्ट सांगितली होती: "आठ दिवस झाले, यांना मोरीची कडी आतून लावू देत न्हाई मी. दाराबाहेर उभी राहते."

तोपर्यंत मला ही फसवणुकीची एक केस वाटत होती. त्या वाक्यानंतर मला भीती वाटू लागली. चार दिवस हातात होते, आणि आमच्याकडून काही चुकलं, त्या फोनवाल्याला सुगावा लागला आणि त्यानं एकच धमकी जास्त दिली, तर त्या मोरीच्या दाराआड काय होईल हे मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बीडच्या एका कर सल्लागारांना फोन लावला. त्यांनी पत्र ऐकलं आणि हसलेच. म्हणाले, "साहेब, नवरा-बायकोचं उत्पन्न असं एकत्र करून आयकर लावत नाहीत. ज्याचं त्याचं वेगळं. श्रीमंतांवर जो अधिभार लागतो तो एकट्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न पन्नास लाखांच्या वर गेलं तर. आणि संपत्ती कर तर केव्हाच बंद झालाय. ही साधी मध्यमवर्गीय माणसं आहेत. कुटुंबाचं उत्पन्न एकत्र मोजतात ते उत्पन्नाच्या दाखल्यासाठी. सवलती, शिष्यवृत्त्या, तिथं."

मी ते शेवटचं वाक्य कागदावर लिहून ठेवलं. मग पत्र पुन्हा वाचायला घेतलं. फोनच्या क्रमांकाचा तपशील मागवला होता, पण तो यायला वेळ लागणार होता. आमच्या हातात कागदच काय तो होता. वाचता वाचता मी निवृत्तिवेतनावर अडलो. आदल्या दिवशी त्या घरात मला म्हातारा माणूस दिसला नव्हता.

मिस्त्री आणि बाई, दोघांना ठाण्यात न बोलावता मी महिला हवालदाराच्या घरी बोलावलं. विचारलं, "तुमचे अब्बा कुठे असतात?"

"अब्बा पावसाळ्यात वारले," मिस्त्री म्हणाले.

पत्र हिवाळ्यातलं होतं. मेलेल्या माणसाची पेन्शन चालू धरली होती. खरंच सरकारी खातं असतं तर पेन्शन बंद झाल्याची नोंद त्याला सापडली असती.

"अब्बांची पेन्शन शेवटची कुठल्या कागदावर लिहिली होती? नीट आठवा."

बाईंना आठवलं. "उन्हाळ्यात. पोरीच्या फीच्या सवलतीला उत्पन्नाचा दाखला काढला, त्या अर्जावर."

"त्या अर्जावर गाळ्याचं भाडंही होतं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी थांबलो. चौकशीत अशा वेळी आपण बोललो की समोरच्याची सुटका होते. शेवटी मिस्त्री बोलले.

"न्हाई," ते म्हणाले. "भाडं लिवलं न्हवतं."

"मग पत्र लिहिणाऱ्याला भाडं कसं कळलं?"

"मीच सांगितलं होतं. अर्ज लिवणाऱ्याला. तहसीलसमोर टेबल टाकून बसतो तो. त्यानं बेरीज केली अन् म्हणला, मिस्त्री, भाड्याचं सोडून द्या, न्हाईतर दाखला सवलतीत बसत न्हाई. कोण बघायला येतंय."

मिस्त्री आता रडत होते. त्यांना झडतीची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ही होती. पत्रातली एक ओळ खरी होती, आणि ती खरी असल्यामुळे बाकीचं सगळं त्यांना खरं वाटलं होतं.

अर्जात लिहिलेली पेन्शन आणि अर्जात न लिहिलेलं भाडं, दोन्ही ठाऊक असलेला माणूस एकच होता. पण संशयावरून उचललं असतं तर फोन करणारा पळाला असता. फिर्याद नोंदवून आम्ही वडवणीला सापळा लावायचं ठरवलं.

बाजाराच्या दिवशी दोन पंच, महिला हवालदार आणि माझी तीन माणसं गर्दीत पसरली. मी लसणाच्या ढिगाजवळ उभा राहिलो. नोटांचे क्रमांक पंचांसमक्ष लिहून घेतले होते. मिस्त्रींना सांगितलेल्या जागी, भांड्यांच्या दुकानाशेजारी, उभं केलं होतं. नोटा झाकायला पिशवीत वर ठेवलेली कोथिंबीर ते पुन्हा पुन्हा सारखी करत होते. मला वाटलं, हे आता पिशवी टाकून पळणार. एक तास गेला. कुणी आलं नाही. दुकानदारही त्यांच्याकडे बघू लागला. मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरलेलो नाही. मी लसूण निवडत राहिलो, कारण मान हलवली असती तरी सगळं संपलं असतं.

मग हेल्मेट घातलेला एक जण आला. काही न बोलता पिशवी घेतली आणि वळला. माझ्या शिपायानं त्याची कॉलर धरली, "कुठं चाललास बे?" तो जागच्या जागी खाली बसला. खिशात त्याच नंबरचा फोन होता. तो अर्ज लिहिणाऱ्याचा मेहुणा निघाला.

अर्ज लिहिणाऱ्याला तासाभरात ताब्यात घेतलं. पन्नाशी ओलांडलेला, चष्म्याला दोरी, बोलणं अदबीचं. मेहुण्याशी आपलं पटत नाही म्हणाला. दिवसाला चाळीस अर्ज लिहितो, कोण कुणाचं लक्षात राहणार, म्हणाला. मी आवाज चढवला नाही. चहा मागवला आणि ते पत्र त्याच्यापुढे ठेवलं.

"तुम्ही जुने लेखनिक. यात एक चूक आहे. सापडते का बघा."

त्यानं चष्मा नीट केला. पत्र वरपासून खालपर्यंत वाचलं, बोट फिरवत, एकेक ओळ. मग मान वर केली. चेहऱ्यावर थोडा अभिमानच होता. "भाषेत चूक न्हाई, साहेब."

"भाषेत नाही. निवृत्तिवेतन बघा. तो माणूस पावसाळ्यात मेलाय."

त्यानं त्या ओळीवर पुन्हा बोट ठेवलं. "मेल्याचं मला कुणी सांगितलंच न्हाई," तो म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

पुढचं सगळं त्यानं सांगितलं. त्याच्या पेटीत आणखी सात घरांच्या अर्जांच्या झेरॉक्स सापडल्या. प्रत्येकीच्या मागे पेन्सिलनं लिहिलं होतं, यांनी काय लिहिलं नाही. एकानं जमीन, एकानं शिकवण्यांची मिळकत, एकानं मुलाची नोकरी. त्यातल्या चौघांनी पैसे दिले होते. एकानंही तक्रार केली नव्हती.

"लई दिवस बघत होतो साहेब," तो म्हणाला. "घरात एसी, अन् टेबलासमोर बसले की गरीब. मी त्यांच्याकडूनच शिकलो."

मी त्या झेरॉक्स पंचनाम्यात लिहून घ्यायला सांगितल्या. वाट त्यानंच दाखवली होती हे खरं होतं. पण लोक त्या वाटेनं आपल्या पायांनी गेले होते, हेही खोटं नव्हतं.

आरोपपत्रात भाड्याचा उल्लेख टाळता येणार नव्हता. मी मिस्त्रींना तसं सांगितलं. बाई घाबरल्या. नोकरी जाईल, पोरीचं कॉलेज सुटेल, असं पुन्हा पुन्हा म्हणू लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री मुलीला घेऊन ठाण्यात आले. हातात तहसीलदारांच्या नावे अर्ज होता. आम्ही उत्पन्न कमी दाखवलं, दाखला रद्द करावा, घेतलेली सवलत परत भरतो. अक्षर मुलीचं होतं. या वेळी त्यांनी कुणाकडून लिहून घेतला नव्हता.

दाखला रद्द झाला. फीची रक्कम त्यांनी हप्त्यांनी भरली. बाईंना खात्याकडून लेखी समज मिळाली, नोकरी राहिली. मुलीनं शिक्षण पूर्ण केलं.

खटल्यात मिस्त्रींची साक्ष झाली तेव्हा मी कोर्टात होतो. आरोपीच्या वकिलानं त्यांना खोटारडं ठरवायचा प्रयत्न केला. विचारलं, "मग तुम्ही नेमके कोण? श्रीमंत का गरीब?"

मिस्त्रींनी कठडा घट्ट धरला होता. म्हणाले, "श्रीमंत न्हाई साहेब. पण गरीब बी न्हाई. गरीब हाय असं मी खोटं लिवलं होतं. ते मी लिवून परत दिलं."

वकील जागेवर जाऊन बसला.

घाबरवणारा शिरतो कुठून, हे या केसनं मला शिकवलं. आपण झाकून ठेवलेली एखादी लहानशी गोष्ट त्याला पुरते. पुढच्या नोकरीत खंडणीचा फिर्यादी समोर बसला की मी धमकीबद्दल नंतर विचारायचो. आधी विचारायचो, त्यानं सांगितलेलं खरं किती आहे?

साक्षीच्या त्या संध्याकाळी घरी गेल्यावर मी बायकोला विचारलं, "गावाकडच्या घराचं भाडं येतं, ते आपण कधी विवरणपत्रात दाखवलं का?"

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना, एवढ्याशा रकमेचं काय, राहू द्या."

मी गणवेश न बदलता तसाच बसून राहिलो. बाहेर फाटक वाजलं, दूधवाला होता, आणि मी दचकलो. बीडच्या त्या कर सल्लागारांकडे कागद घेऊन मी गेलो, राहिलेला कर व्याजासह भरला. पण मिस्त्रींना एक सकाळ पुरली होती. मला तीन आठवडे लागले.