टर्नर भावोजी

गेल्या महिन्यात तारनाक्याहून ताईचा फोन आला. "हे गेले गं... झोपेतच," एवढंच ती म्हणाली. हे म्हणजे एडविन टर्नर, माझे थोरले भावोजी.

हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं, त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात ते आमच्या नारायणगुड्याच्या घरी ताईला मागणी घालायला आले. रेल्वेच्या कारखान्यात लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कातायच्या यंत्रावर, कामाला होते. आई स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. आप्पा वकील, उलटतपासणी घ्यावी तसं त्यांनी विचारायला सुरुवात केली, हे टर्नर मूळचे कोण, कुठले? भावोजींनी दख्खनीत, मधूनच ताईनं शिकवलेल्या मराठीत सांगितलं, की फार पूर्वी इंग्लंडात साध्या माणसांना आडनावंच नसत. जो धंदा, तेच नाव पडे. त्यांचा कुणी पूर्वज लाकूड फिरवून त्याचे वाडगे नि खाटेचे पाय करायचा, म्हणून टर्नर. पुढे धंदा सुटला, नाव राहिलं. पणजोबा पलटणीबरोबर सिकंदराबादला आले आणि इथल्याच तेलुगू बाईशी लग्न करून राहिले.

"म्हणजे खरादी, आपला कातारी," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज जरा सैल झाला. आम्ही देशपांडे, आमचंही नाव कामावरूनच पडलेलं, असंही म्हणाले. पण खरी धास्ती वेगळीच होती. भावोजींचे दोन्ही भाऊ इंग्लंडला निघाले होते. ताईलाही बोटीत बसवून नेणार का, असं आप्पांनी सरळच विचारलं.

भावोजी म्हणाले, "उधर टर्नर गल्लीगल्लीमें हैं, आप्पा. इधर मैं एकीच हूँ."

आप्पा हसले. दाराआड उभी असलेली आई चहा घेऊन स्वतः बाहेर आली... लग्न ठरलं ते तेव्हाच.

भाऊ पत्रांतून बोलावत राहिले, भावोजी गेले नाहीत. ताई शाळेत टर्नरबाई झाली, तिची मुलं घरात मराठी नि अंगणात तेलुगू बोलत वाढली. निवृत्तीनंतर भावोजींनी मागच्या पडवीत लहानसा लेथ बसवला. लोखंड पुष्कळ झालं, आता लाकूड, म्हणायचे. आमच्या घराण्यातल्या प्रत्येक लेकीसुनेला त्यांच्या हातचं लाटणं मिळालं.

परवा ताईकडे गेले होते. पडवीत सागवानाचा भुसा पसरलेला होता. मी केरसुणी उचलली, तशी ताईनं माझा हात धरला.

"असू दे," ती म्हणाली. "सकाळी दार उघडलं की वास येतो."

मग आम्ही दोघी तिथंच बसून चहा प्यायलो.