काका मंजुरीच्या रांगेत

माझ्या ब्लॉगचे वाचक चौदा. त्यातले अकरा रक्ताचे, दोन सोयरे आणि चौदावा मी. स्वतःचं लिखाण मी दिवसातून चार वेळा उघडून बघतो, तेही आकड्यात धरलं जातं. अंबडला घरी बसून खानदानातल्या गमतीजमती लिहायच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर लिंक टाकायची, एवढाच माझा उद्योग. लेखाखाली प्रतिक्रिया लिहायची जागा मी पहिल्या दिवसापासून सताड उघडी ठेवली होती. ओसरीला कोणी कुलूप लावतं का?

पहिल्या तीन लेखांखाली चिटपाखरू फिरकलं नाही. चौथा लेख होता मावशीच्या वाळत घातलेल्या कुरडया शेळीनं खाल्ल्याचा. त्याखाली एक प्रतिक्रिया आली, “प्रिय लेखक, आपली सामग्री अत्यंत मौल्यवान आहे. मी ती माझ्या संपूर्ण चमूला पाठवली आहे.” दिवसभर माझे पाय जमिनीला लागले नाहीत. संध्याकाळी बायकोला वाचून दाखवली.

“अहो, चमू म्हणजे कोण?”

“असतील त्यांच्या ऑफिसातले लोक.”

“आन् हे खाली निळं काय लिहिलंय?”

निळ्या अक्षरांत केस उगवणाऱ्या तेलाचं दुकान होतं.

“तेलवाला हाय त्यो,” बायको म्हणाली. “आन् माणूस बी न्हाई, मशीन हाय. आयुष्यात पहिला चाहता मिळाला, त्यो बी पत्र्याचा.”

तोवर मी त्याला आभाराचं लांबलचक उत्तर लिहून मोकळा झालो होतो.

आभार मानल्यावर पाहुणा एकटा कशाला राहतो? त्याच्या मागोमाग बिनतारण कर्जवाले आले, पोट कमी करणारे आले, एक तर थेट रशियन लिपीत बोलत आला. आणि त्याच गर्दीत आमचे काका आले.

काका म्हणजे माझे थोरले चुलते. राहणार हसनाबाद. काकू गेल्यापासून घरात एकटेच, मुलगा पुण्याला. त्यानं दिलेल्या मोबाइलवर ते तोंडानं बोलतात आणि मोबाइल लिहून घेतो. त्यांची प्रत्येक प्रतिक्रिया एकाच चालीत सुरू होई. “राम राम. मी हसनाबादहून बोलून राह्यलो.” मग स्वतःचा पूर्ण फोन नंबर, मग आभाळ कसं आहे ते, मग सोयाबीनचा त्या दिवशीचा भाव, आणि त्यानंतर माझ्या लेखातल्या चुका. कुरडया शेळीनं नव्हे, बोकडानं खाल्ल्या होत्या, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. आमच्या घराण्याचं खरंखोटं आता त्यांच्याएवढं कोणालाच ठाऊक नाही.

पण काका नुसतं मलाच लिहीत नव्हते. तेलवाल्यालाही लिहीत होते. “केसाला जवसाचं तेल बिलकुल बेस. तुम्ही कोण्या गावचे? लेकरं किती?” त्यावर मिनिटभरात तेलवाला, “अतिशय उपयुक्त माहिती. धन्यवाद!” काका खूश. आखाजीच्या सणाला पुरणपोळी खायला या म्हणून त्यांनी त्याला आमंत्रण दिलं. कर्जवाल्याला मात्र झापलं, “बिनतारण देऊन राह्यला, घरी बायकोला विचारलं का?”

हे असं चालू राहिलं तर कर्जवाला एक दिवस काकांकडून बँकेचा नंबर काढून घेईल, अशी मला धास्ती वाटली. म्हणून प्रतिक्रिया गाळून घेणारं साधन शोधायला मी निघालो. मुलीच्या लग्नाला स्थळं बघावीत तशी ती साधनं मी आठवडाभर बघितली.

पहिल्यात खातं उघडून, पासवर्ड टाकून मगच लिहिता येई. जाफराबादचा आतेभाऊ पासवर्ड विसरला आणि सुनेच्या खात्यावरून आत शिरला. लेखाखाली सुनेचं नाव, सुनेचा हसरा फोटो आणि पुढं, “काय रे गाढवा, माझ्यावर का लिहीत न्हाईस?” सून सासरच्यांना गाढव म्हणते, हा बोभाटा निस्तरायला दोन दिवस गेले. दुसरं साधन माणूस ओळखायला चित्रं दाखवी. सिग्नल असलेले चौकोन निवडा. आतेभावाचा फोन आला, “आमच्याकडं सिग्नल हाय का एक तरी? मंग वळखू कशावरून? बैल दाखव म्हणावं, जल्दी सांगतो.”

तिसरं साधन मला एकदम पसंत पडलं. ते संशयित मजकूर आपणच बाजूला काढी आणि लिहिणाऱ्याला अदबीनं सांगे, आपली प्रतिक्रिया मंजुरीच्या प्रतीक्षेत आहे. ते लावलं आणि नवा लेख टाकला. आमच्या एका लग्नात नवरदेवाची जीप वाट चुकून भलत्याच मांडवात शिरली होती, त्याची गोष्ट. तिचा शेवट मला ठाऊक नव्हता. तो काका सांगतील, असं लेखात लिहून ठेवलं.

काकांची प्रतिक्रिया काही आली नाही. मला वाटलं, शेतात गेले असतील. आठ दिवसांनी फोन आला तो मला नाही, बायकोला. तिनं फोन ठेवला.

“काय म्हणाले?”

“म्हणले, सूनबाई, त्याला सांगा, पुतण्याच्या दारात मंजुरी मागून बसायची आमच्या घराण्यात रीत न्हाई. आता पुन्हा लिहिणार न्हाई.”

मी धावत जाऊन बाजूला काढलेला ढीग उघडला. त्यात काकांच्या पाच प्रतिक्रिया होत्या. प्रत्येक वेळी तेच पहिलं वाक्य, वर फोन नंबर, वर बाजारभाव. मशीनच्या लेखी इतका सराईत भामटा दुसरा नव्हता. आणि तेलवाला? त्यानं निळी अक्षरं सोडून दिली होती. तो सज्जन ठरून राजरोस आत बसला होता.

आमच्याकडं मानापानावरून रुसलेलं माणूस फोनवर मानत नाही. लग्नात आहेर चुकला तर टॉवेल-टोपी घेऊन दारात जावं लागतं. मी टॉवेल-टोपी घेतली, जालन्याला एसटी बदलली आणि हसनाबादला उतरलो. काका स्वतःच्याच घराच्या ओट्यावर बसले होते.

“या. आत जायची मंजुरी हाय का आम्हाला, का हितंच बसू?”

“काका, चूक मशीनची झाली.”

“म्हणजे मशीननं मला चोर ठरवलं आन् तेलवाल्याला पाव्हणा?”

“तो माणूस नाही, काका.”

“म्हाईत हाय मला. येडा समजतो का? पण त्यो उत्तर देतो. मी सोयाबीनचं लिहिलं की मिनिटात धन्यवाद म्हणतो. तू आठ दिवसांनी जोडलेल्या हातांचं चित्र टाकतो. दोघांत माणूस कोण, तूच सांग.”

मी पिशवी उघडली. टॉवेल पुढं केला. काकांनी तो खांद्यावर घेतला, जुनी टोपी काढून नवी घातली, डोक्यावर बराबर बसते का ते चाचपलं. मान पोचला. मग मी त्यांच्या मोबाइलवर साधन उघडून दिलं. एकदा मंजूर झालेला माणूस पुढच्या वेळी थेट आत येईल, अशी सोय केली आणि मंजुरीचा अधिकार काकांच्या हातात दिला.

काकांनी चष्मा लावून रांग तपासायला घेतली. कर्जवाले, पोटवाले, रशियन, एकेक बाहेर गेला. मग आधीच आत बसलेल्या तेलवाल्याशी अंगठा थांबला.

“ह्याला तीनदा इचारलं, लेकरं किती. म्हणतो, मौल्यवान सामग्री.” मग म्हणाले, “जा बाबा,” आणि त्यालाही काढलं.

परतीच्या एसटीत मोबाइल वाजला. राम राम, फोन नंबर, आभाळ, भाव, आणि मग जीपच्या गोष्टीचा शेवट. त्या भलत्या मांडवात आमचा नवरदेव दोन पंगती जेवून उठला, पान खाल्लं, आणि मुलीच्या मामाला म्हणाला, तुम्हाला कुठं पाहिल्यासारखं वाटत नाही. त्याखाली माझ्यासाठी एक ओळ होती. “तू आल्ता, पण घरचं काहीच सांगितलं न्हाई. सगळं बराबर हाय ना?”

मी लगेच लिहिलं, “हो काका, सगळं छान.” आणि जोडलेले हात टाकले. मोबाइलवर मी मालक म्हणून नव्हे, साधा वाचक म्हणून लिहीत होतो, आणि त्या नावानं मला अजून मंजुरी नव्हती. उत्तर मंजुरीच्या प्रतीक्षेत गेलं. दहा मिनिटांनी काकांचा फोन.

“तुझं आल्तं. न्हाई केलं मंजूर.”

“का हो?”

“असं तर त्यो तेलवाला बी लिहीत व्हता. तुझ्या पोरीचा पेपर कसा गेला, सूनबाईचा गुडघा कसा हाय, ते लिही. मंग बघू.”

हादरणाऱ्या गाडीत मी लिहायला बसलो. पोरीच्या पेपरचं जमलं. गुडघ्यापाशी अडलो. शेवटी बायकोला फोन लावला आणि हळू आवाजात विचारलं, कोणता गुडघा.