अहरोनाचा कमरपट्टा

मंगळवार पेठेतले उदयसिंह माने लग्नात फेटे बांधायचे. नवरदेवाचं डोकं आधी त्यांच्या हाती जायचं, मग नवरीच्या. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. बाकी सगळं सावरलं, डाव्या हाताची बोटं तेवढी वळेनात. बोलावणी थांबली.

एके दिवशी चर्चमधल्या अनुजाबाई पांढरं लांबलचक कापड घेऊन आल्या. मुलांनी आणि मोठ्यांनी मिळून नाटक बसवलं होतं.

"काका, हे बायबलमधल्या महायाजक अहरोनाचं अवनेट. हिब्रू शब्द आहे. कमरेला वेढे घेत बांधायचं तागाचं कापड. ते बांधल्याशिवाय तो देवापुढं सेवेला उभा राहत नसे. आमच्यात कुणाला बांधता येईना."

"म्हणजे फेटाच की. कमरंपर्यंत उतरलेला."

"हाताचं सांगा त्यांना," आतून बायको तानाबाई म्हणाली.

"त्यांनी इचारलं न्हाय."

हे जमलं तर वैशाखातली लग्नं धरायची, नाही तर हे काम कायमचं सोडायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

नाटकाच्या दिवशी ते तानाबाईला घेऊन चर्चमध्ये गेले. अहरोन झाला होता डेअरीतला धैर्यशील. उदयसिंहांनी कापड कपाळाला लावलं.

"पोट आत घ्या."

"आतच हाय, काका."

उजव्या हातानं वेढा आवळला, डाव्यातून निसटला. कापड अहरोनाच्या पायाशी पडलं. पुन्हा बांधलं, पुन्हा पडलं. पोरं हसायची थांबली.

"ऱ्हाऊ दे काका, पिना लावू," धैर्यशील हळूच म्हणाला.

उदयसिंहांनी कापड उचललं. कापडाचं एक टोक धैर्यशीलच्या कमरेशी दाबून धरलं, दुसरं तानाबाईच्या हातात दिलं. "ताण धर. आन् पावणं, तुम्ही गिरकी घेत तिच्याकडं जावा. दमानं."

धैर्यशील फिरत फिरत कापडात शिरला. उदयसिंह उजव्या तळव्यानं घड्या बसवत गेले. शेवट खोचला. पदर घोट्यापर्यंत नीट लोंबला. नाटकभर तो वेढा हलला नाही. अहरोनाला मात्र जरा गरगरत होतं, म्हणून पहिला आशीर्वाद भिंतीला मिळाला.

नाटक संपल्यावर ओळखीतले गणपतराव जवळ आले. "हात आला म्हणायचा की तुमचा. वैशाखात पोराचं लगीन हाय, फेटा तुम्हीच बांधायचा."

तानाबाई नवऱ्याकडं बघत राहिली.

"फेटा न्हाय जमायचा," उदयसिंह म्हणाले. "मांडवात नवरदेवाचं मुंडकं गरगरा फिरवता येत न्हाय. कमरंचा शेला असंल तर सांगा. हिला धरायला घिऊन येतो."