गणिताच्या पेटीला झेंडूचा हार

अकोल्याच्या जुन्या शहरात, नदीच्या या अंगाला, आमच्या गल्लीच्या टोकाला शाळा आहे. तिची किल्ली माझ्या घरात खिळ्याला टांगलेली असते. हे काही मानाचं पद नाही. शाळेची आणि माझी भिंत एक आहे, शिपाई कधी येतो कधी येत नाही, आणि मी कुठे जात नाही, एवढंच. सकाळी पोरं दारात येतात, "आजी, किल्ली" म्हणतात आणि घेऊन जातात. सायंकाळी आणून टाकतात. मी स्वतः चौथी शिकले, तेव्हा शाळेबद्दल बोलायचा मला अधिकार नाही असं कोणी म्हणालं तर म्हणू दे. किल्लीपायी जे पाहावं लागलं ते सांगते.

गणिताची पेटी आली तेव्हा माझी नात पाळण्यात होती. टेम्पोतून निळी मोठी पेटी उतरली. हेडमास्तरांनी सही केली, पेटीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि पेटी लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. पोरांनी वस्तू हातात घेऊन गणित शिकावं म्हणून ती आली होती. आत मणी होते, एकमेकांत अडकवायचे ठोकळे होते, काटे फिरवायचं घड्याळ होतं. कोणी साहेब तपासणीला येणार असला की पेटी बाहेर निघायची. टेबलावर चादर घालून, पाकिटं न फोडता, सगळं मांडायचं, आणि पोरांना रांगेनं समोरून न्यायचं. हात मागे बांधून. दसऱ्याला पाटीपूजन होई तेव्हा पेटीलाही हळदकुंकू लावून झेंडूचा हार घालत.

नात पहिलीत होती तेव्हा त्या दिवशी घरी येऊन म्हणाली, "आजी, आज आमी पेटीचं दर्शन घेतलं."

"मग काय मागतलं पेटीले?"

"पास कर म्हणलं."

मी हेडमास्तरांना एकदा विचारलं होतं. माणूस वाईट नाही. वेळेवर येतो, खिचडीतले खडे स्वतः पाहतो. पण ते म्हणाले, "काकू, मले रिटायर व्हाच्या वेळेस चार्ज द्या लागते. पेटीतलं एक जरी कमी निघालं तर माहे पेन्शनचे कागद अडकून पडतीन. आपल्याले नाई पायजे तो ताप."

"मग पोरायनं काय कराचं?"

"पुस्तक आहे नं."

पुस्तक होतं.

मग नवीन मॅडम आल्या. अमरावतीच्या. इथे खोली करून राहायच्या, शनिवारी गाडीनं घरी. वय कमी, आवाज मोठा. पोरांना गोल बसवायच्या, टाळ्या वाजवायला लावायच्या, बेरीज म्हणजे उड्या आणि भागाकार म्हणजे गाणं. दुपारी मी जरा पाठ टेकली की भिंतीपलीकडून तीस पोरं बेडकासारखी उड्या मारायची आणि माझ्या फळीवरची भांडी वाजायची. मोबाईलवर कुठेतरी पाहून त्या रोज काहीतरी मागवायच्या. बाटल्यांची झाकणं. आईस्क्रीमच्या काड्या. त्या काड्यांपायी नातीनं तीन दिवस कुल्फी खाल्ली आणि चौथ्या दिवशी ताप काढला. एकदा तर पिस्त्याची टरफलं सांगितली. आमच्या गल्लीत पिस्ता कोण खातो? सूनबाई दुकानात विचारून आली आणि तोंड पाडून बसली. मी नातीजवळ चिंचोके बांधून दिले. मॅडमनी ते चालवून घेतले. मग आधीच चिंचोके का मागितले नाहीत, हे मला अजून कळलेलं नाही.

तरी नातीचं वजाबाकीचं गाडं अडलेलंच. बेचाळीसमधून सतरा काढ म्हटलं की ती लिहायची पस्तीस. सातातून दोन गेले पाच, म्हणायची. अगं, वर दोन आहेत, खाली सात. "मोठ्यातून लहान जाते नं आजी." रोज सायंकाळी हेच. सूनबाई ओरडे, नात रडे, मुलगा कामावरून येऊन विचारी काय झालं, आणि मग तिघंही बोलायचे. हातचा घे, हातचा घे. मीही लहानपणी हातचा घेत होते, पण तो कुठून आला हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारलं की छडी मिळे. तेव्हा मी तिला काय सांगणार? मला फक्त घरात शांतता हवी होती.

पावसाळ्यात हेडमास्तरांचे शेवटचे दिवस आले. महिनाअखेर ते रिटायर होणार होते आणि चार्ज मॅडमकडे जाणार होता. पेन्शनच्या कागदांसाठी त्यांना अमरावतीच्या ऑफिसात जावं लागलं. जाताना कपाटाची किल्ली पहिल्यांदाच माझ्याकडे दिली, कारण त्याच जुडग्यात तांदळाच्या कोठीची किल्ली होती आणि खिचडी तर शिजायची होती.

"काकू, कपाटाची कोणाले द्याची नाई."

ते गेले आणि तासाभरात मॅडम दारात. "आजी, पेटी पोरायसाठी आहे का कपाटासाठी?"

"मले काय इचारता. तुमच्या सरायले इचारा."

"त्यायले इचारूनच तर आली मी वर्षभर. महिन्यानं माह्याच ताब्यात येणार आहे ते. एक दिवस द्या."

मी दिली. शिक्षणाच्या प्रेमानं नाही. आदल्या सायंकाळी पुन्हा पस्तीस आलं होतं, म्हणून दिली. पण जुडगं माझं, म्हणून मागे मागे गेले आणि वर्गाच्या दारात बादली पालथी घालून बसले.

चादर अंथरून पेटी मधे ठेवली, झाकण उघडलं, तर एकही पोरगं पुढे आलं नाही. मॅडम म्हणाल्या, "घ्या नं रे हातात." सगळ्यांचे हात मागे. शिकवलेलंच तसं होतं. एका पोरानं नमस्कार केला. मॅडमनी कपाळाला हात लावला, मण्यांचं पाकीट फोडलं आणि मूठभर मणी सरळ चादरीवर ओतले. मग मात्र जो गोंधळ झाला तो विचारू नका. मणी दाराबाहेर घरंगळत माझ्या पायापर्यंत आले.

नातीपुढे मॅडमनी दहा-दहा ठोकळे अडकवलेल्या चार दांड्या ठेवल्या आणि दोन सुटे ठोकळे. "हे बेचाळीस. याच्यातून मले सतरा दे."

नातीनं एक दांडी दिली. मग दोन सुटे हातात घेऊन बसली. सात कुठून द्यायचे? दोन बोटं तोंडात घातली. एका दांडीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं, मग एक उचलून दातानं तोडायला लागली. "हातानं तोड नं," मॅडम म्हणाल्या. ती तुटली. दहा सुटे आणि आधीचे दोन, बारा. त्यातून सात मोजून दिले. उरलेले पाहिले. दोन दांड्या, पाच ठोकळे.

"असं होय," ती म्हणाली. "मग आधी कावून नाई सांगतलं?"

मॅडमनी उघड्या कपाटाकडे पाहिलं.

त्यानंतर मॅडमनी घड्याळ काढलं. त्याचं पाकीट अजून बंद होतं. कात्रीनं कापलं, घड्याळाची तबकडी निघाली, काट्यांचा पुठ्ठा निघाला, आणि मग त्या चादर झटकायला लागल्या. पेटीखाली पाहिलं, ओढणी झाडली. पोरंही शोधू लागली. मला वाटलं कानातलं पडलं असेल. शाळा सुटली तरी काही बोलल्या नाहीत. सामान भरून कुलूप लावून जुडगं मला दिलं, आणि माझ्याकडे न पाहता गेल्या.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर आले. चार्ज द्यायचा म्हणून त्यांनी पेटी काढली. थोड्या वेळानं ते माझ्या दारात उभे होते, चेहरा पांढरा.

"काकू, किल्ली कोणाले देली होती?"

"तुमच्या म्याडमले."

"मी काय सांगून गेलो होतो?"

"कोणाले देऊ नका म्हणले. म्याडम काय कोणी आहे? शाळेची मास्तरीण आहे."

"घड्याळाचा मोठा काटा नाई," ते म्हणाले. "इतके वर्षं मी राखलं, आन् शेवटच्या महिन्यात."

मग शोध सुरू झाला. केरसुणीनं वर्ग दोनदा झाडला. दप्तरं उलटी केली. त्यातून काचेच्या गोट्या, पतंगाचा मांजा, अर्धी भाकर आणि माझे चिंचोके निघाले. काटा निघाला नाही. माझी नात पुढे बसते म्हणून तिला दोनदा विचारलं, तेव्हा माझं डोकं फिरलं. वेल्डिंगवाल्याची बायको पोराला आणायला आली होती, ती दारातून म्हणाली, "मास्टरजी, हमारा बच्चा काटा खा गया क्या? पेट चीर के देख लो."

मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या. बोलायच्या त्या दिवशी बोलल्या नाहीत, आता तोंड उघडेना. शेवटी नातच म्हणाली, "सर, एकच काटा होता. म्याडमनं पाकीट कापलं तवा आमी सगळे पाऊन रायलो होतो."

"कापल्यावर पडला असन."

तेव्हा मॅडमनी पर्समधून तो पुठ्ठा काढला. काटे त्यावर चिकटपट्टीनं चिकटवून येतात. दोन पट्ट्या होत्या. एक उचकटलेली. दुसरी कारखान्यातून लावलेली तशी घट्ट, कडा न उचललेली, आणि तिच्याखाली काहीच नाही. हेडमास्तरांनी त्यावरून बोट फिरवलं. चष्मा काढून पाहिलं. मग पोरांच्या बुटक्या बाकावर बसले, गुडघे छातीला लागले.

"मी पूर्ण मिळाली म्हणून सही केली होती."

"उघडून नोती पायली?" मी विचारलं.

"उघडली असती तर काही हरपलं असतं नं, काकू."

मी घरी आले आणि भांडी घासली. जरा जोरानंच घासली.

आता प्रश्न सहीचा. मॅडमनी काटा कमी आहे असं लिहिलं तर चौकशी लागणार आणि हेडमास्तरांचे कागद अमरावतीत अडकणार. त्यांनी मॅडमना सरळ विचारावं की नाही? नाही. माझ्या ओसरीवर येऊन बसले आणि पलीकडे वर्गात ऐकू जाईल एवढ्या आवाजात मला सांगू लागले, की माणसाले एकमेकांचं पाहा लागते.

"मास्तर," मी म्हटलं, "तिले सांगा नं. मले कायले सांगता? सही मी करणार आहे का?"

मॅडम बाहेर आल्या. "सर, मी मोजून घेईन. एकेक मणी. तुमच्यासारखी डोळे मिटून नाई घेणार."

आणि घेतले. सगळी दुपार चादरीवर मणी मोजत दोघं बसले होते. घड्याळाशी आल्यावर पेन थांबलं. हेडमास्तर वर बंद पंख्याकडे पाहत राहिले. मॅडमनी पूर्ण मिळाली म्हणून सही केली, टोपण लावलं आणि माझ्याकडे आल्या. "आजी, झाडूची एक काडी द्या." ती कापून, काळी करून मोठा काटा बनवला. पोरांनी त्यावर पावणेचार वाजवले. काडी प्लास्टिकची नाही म्हणून वेळ काही चुकली नाही.

मला वाटलं, चला, मिटलं. पण जिच्या नावावर पेटी चढली तिची झोप गेली. दुसऱ्याच दिवशी मॅडम कपाटाची किल्ली घेऊन आल्या. "आजी, मले इचारल्याबिगर कोणाले देऊ नका."

"हे मी आइकलेलं आहे," मी म्हटलं.

त्या ओशाळल्या. पेटी काही बंद करता येईना, वर्षभर त्यासाठीच तर भांडल्या होत्या. मग त्यांनी मोजणं सुरू केलं. पेटी रोज निघते, पण प्रत्येक पोराला मोजून देतात आणि त्याच्याकडून वदवून घेतात. देले किती, आले किती, रायले किती. हिशोब लागल्याशिवाय कोणी घरी जात नाही. अर्धा तास यातच जातो. गाणी कमी झाली, उड्या तर बंदच. पोरं बाकाखाली रांगत असतात आणि एकमेकांवर ओरडत असतात, की अठ्ठावीस घेतले होते, एकोणीस आले, अजून नऊ दे. वहीत ज्यांना वजाबाकी येत नव्हती ती पोरं आता घरी जायच्या घाईनं तोंडी करतात. याला मॅडम आनंददायी शिक्षण म्हणतात. मी याला धास्ती म्हणते. नातीची वजाबाकी मात्र सुटली, आणि नवा ताप लागला. टोपलीतल्या भाकरी मोजते आणि मला विचारते, "आजी, दोन कोणं खाल्ल्या?"

यंदा दसऱ्याला पाटीपूजनाला हेडमास्तरांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. त्यांचे कागद सुटले होते. नवा शर्ट घालून आले, पेटीला स्वतःच्या हातानं झेंडूचा हार घातला. मी किल्ली घेऊन दारात उभी, कधी आटपतं आणि कधी कुलूप लावते असं झालेलं. पण आदल्या दिवशीच्या हिशोबात मणी कमी भरले होते, आणि मॅडमनी पूजा झाल्यावर पुन्हा शोधायला लावलं. सणाच्या दिवशी. हेडमास्तरांना राहवलं नाही. इतक्या वर्षांची सवय. नव्या शर्टानिशी गुडघ्यावर बसले, बाकाखाली हात घातला आणि धुळीनं माखलेला एक लाल मणी काढून वर धरला.

माझ्या नातीनं तो त्यांच्या हातातून घेतला, पुसला, डब्यात टाकला.

"एक आला, सर. दोन हरपले होते. अजून एक रायला."

ते पुन्हा बाकाखाली वाकले. घरी माझा चहा निवून चालला होता.