कपाटामागची काळी भिंत

मंडळी, सकाळपासून कशात मन लागत नाही, म्हणून इथे लिहितेय.

आमचं नवीन घर सांगलीत, माधवनगरच्या बाजूला आहे. हे फौजेत, मुलगी शिकायला पुण्यात, त्यामुळे घरात मी एकटीच. यांनी हौसेनं दुहेरी काचेच्या घट्ट खिडक्या बसवून घेतल्या. धूळ नको, आवाज नको, एसीचं लाईट बिलही कमी येईल. मीही त्या कधी उघडल्या नाहीत.

आज झाडताना कपाट सरकवलं, तर मागची भिंत बुरशीनं काळी पडलेली! पाईप फुटला असेल असं वाटून ओळखीच्या रंगारी मामांना बोलावलं.

त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. "पाईप न्हाई फुटला, ताई. सैपाकाची वाफ, कपड्यांची ओल, समदं आतच कोंडून ऱ्हातंय. नुसता रंग मारून उपेग न्हाई. आदी रोज खिडक्या उघडा."

ते गेल्यावर जोर लावून स्वयंपाकघरातली खिडकी उघडली. पलीकडच्या गच्चीवर एक मावशी मिरच्या वाळत घालत होत्या. मला बघून दचकल्याच.

"आगं बया, हितं कोण ऱ्हातंय व्हय? आमाला वाटलं, घर बंदच हाय."

"आठ महिने झाले, मावशी," मी म्हटलं.

"आन् नाव काय गं तुजं?"

मी नाव सांगितलं. आठ महिन्यांत ते कुणी विचारलंच नव्हतं.

तुमच्या शेजारच्या बंद घरात कोण राहतं, तुम्हाला माहीत आहे का?